हरलेलीने जावयाचे कोठे?

दूरचित्रवाणीवरील मालिकेत एका नायकाभोवती दोन नायिका उभ्या केल्या की प्रेक्षकांचे आपोआप दोन पक्ष पडतात. शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, एस. टी.च्या थांब्यावर वाद रंगतो तो एकाच प्रश्नाभोवती : अखेर कोण कोणाचे होणार? प्रश्न रंजक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा कथांची पारख करावयाची तर त्याच्या मागे दडलेला दुसरा प्रश्न विचारावयास हवा. जी हरली, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचे कोठे?

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना नवा नाही. अमर्त्य सेन यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कुटुंबाकडे सहकार्य आणि संघर्ष यांचे एकत्र नांदणे म्हणून पाहिले. कुटुंब मोडलेच तर ज्याच्यापाशी उभे राहण्यास दुसरी जागा असते, त्याचे म्हणणे कुटुंब टिकून असतानाही अधिक ऐकले जाते. ज्याला अशी जागा नसते, तो पडते घेतो. आणि या पडते घेण्यालाच समाज सोशिकपणा, त्याग अशी गोंडस नावे देतो. प्रेमाच्या त्रिकोणाला हाच हिशेब लागू पडतो. कथेतील स्त्री रडते, थांबते, क्षमा करते, ती प्रेमापोटी की निरुपायापोटी, हे कळण्यास तिच्या गाठीशी काय आहे ते आधी कळावे लागते.

वाशीमकरांना तर या प्रकारच्या कथेचा वारसा फार जुना आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथे राज्य करणाऱ्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. परंतु जुन्या साहित्यशास्त्रकारांनी दिलेल्या उताऱ्यांवरून व उल्लेखांवरून त्याचा विषय ठाऊक आहे. रुक्मिणीला पारिजाताचे फूल मिळाले म्हणून रुसलेल्या सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून झाडच आणले, तोच हा प्रसंग. पुढे इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृत भाषेतील सट्टक लिहिले. सट्टक म्हणजे हलकेफुलके, नाचगाण्याचे नाटक. आजच्या विनोदी मालिकेचे दूरचे पूर्वजच म्हणावयास हरकत नाही. यातील नायिका कर्पूरमंजरी ‘वच्छोम’ नगरातून आणली जाते, आणि वच्छोम हे वत्सगुल्माचेच प्राकृत रूप होय. चंडपाल राजाचे मन या वऱ्हाडकन्येवर बसते. राणी तिच्यावर पहारे बसवते. मग भैरवानंद हा तांत्रिक युक्ती काढतो. लाट देशाच्या घनसारमंजरी नावाच्या राजकन्येचा पती चक्रवर्ती होईल, तेव्हा राजाशी तिचे लग्न लावून द्यावे, असे तो राणीला पटवतो. राणी होकार देते. आणि घनसारमंजरी म्हणून बोहल्यावर उभी राहते ती कर्पूरमंजरीच!

नाटक संपते, सगळे सुखी होतात. राणीची संमती फसवून घेतली, याचा विचार करण्यास कोणाला सवड नाही. तिला जाण्यास दुसरे ठिकाणच नसल्यामुळे तिच्या संमतीची किंमत तेवढीच. एवढे मात्र मान्य करावयास हवे की राजशेखराने हा गुंता चार अंकांत सोडवला.

आजच्या दैनंदिन मालिकेला ही मोकळीक नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीवरील मालिका २२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली आणि ७ मार्च २०२१ रोजी संपली; म्हणजे साडेचार वर्षे. नागपूरकडची राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याच्या आयुष्यात आलेली शनाया असा हा त्रिकोण. या काळात शनायाची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, पुढे पहिली परत आली, पण त्रिकोण हलला नाही. याचे कारण पात्रांच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात, त्यांवर जाहिरातीचे दर ठरतात, आणि प्रेक्षक थांबतो तो निकाल लागलेला नसतो तोवर. निकाल लावणे म्हणजे चालते दुकान बंद करणे होय. दुकानदाराकडून ती अपेक्षा कशी करावी?

तरीही या मालिकेने एक मोलाची गोष्ट केली. वऱ्हाडी वळणाच्या बोलीची राधिका तिने मध्यभागी ठेवली. एरवी ही बोली मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर बहुधा नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या वाट्याला येते. राधिकेच्या बोलण्याची आणि राहणीची टवाळी करणारी माणसे मालिकेतच होती; परंतु प्रेक्षकाची सहानुभूती टवाळी करणाऱ्यांकडे गेली नाही. वाशीम, रिसोड, कारंजा येथील कित्येक घरांत ही मालिका आपली वाटली, त्यात या बोलीचा वाटा मोठा. ती राणीसारखी फसूनही राहिली नाही. मसाल्यांचा उद्योग तिने उभारला, नवऱ्यापासून ती वेगळी झाली आणि पुढे सौमित्रशी तिने लग्नही केले. विवाहित स्त्रीने पुन्हा आपला जोडीदार निवडावा आणि घराघरांतील सासूसुनांनी ते एकत्र बसून पाहावे, ही घटना लहान नव्हे.

आक्षेप आहे तो वेगळा. राधिकेला उभे राहण्यास जागा मिळाली ती पाहता पाहता मोठ्या कंपनीची मालकीण होऊन. मसाले कुटून बाजारात नेणाऱ्या बचत गटातील बायकांना हा प्रवास ठाऊक आहे. भांडवल, वेष्टन, परवाना, उधारी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या प्रदर्शनात दोन दिवस मिळालेले टेबल. स्त्रीचा मान राखण्यास तिची मोठी कंपनीच असावी लागते, असा समज यातून होत असेल तर तो घातक आहे. महिन्याला चार हजार रुपये स्वतःचे मिळवणाऱ्या बाईच्या शब्दालाही घरात वजन येते. पण तेवढ्यावर मालिका रंगत नाही.

शनायाचे तर याहून वाईट झाले. शिकलेली, शहरात वावरणारी, नोकरी करू शकणारी ही तरुणी. पण तिला आळशी, उधळी आणि पैशासाठी पुरुषावर विसंबणारी केल्यावाचून कथा पुढे जाईना, कारण शनाया स्वतःच्या पायांवर उभी राहती तर गुरुनाथ तिला नकोसा होण्यास महिनाही लागला नसता. त्रिकोण टिकवण्यासाठी एका कोनाला अपंग करणे, ही लेखनातील लबाडीच म्हणावयास हवी.

या पार्श्वभूमीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेची आठवण होते. मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६ एवढेच तिचे आयुष्य. मुंबईत एका घरात राहणारे सहा तरुण-तरुणी, आणि घराचे नाव माजघर. जुन्या वाड्यात माजघर ही बायकांनी वावरावयाची आतली खोली. लेखकांनी हे नाव जाणूनबुजून घेतले की सहज, कोण जाणे, पण ते चपखल बसले. या घरात रेश्मा येते. लग्न करून ती मुंबईत आली आणि नवऱ्याचे मन दुसरीकडे गुंतले असल्याचे तिला कळले. मालिकेचा त्रिकोण येथेच होता. पण लेखकांनी तो ताणला नाही. ती नवऱ्याच्या दारात रडत बसली नाही, कारण तिला निजावयास जागा आणि बोलावयास माणसे मिळाली. पुढे कोणाचे कोणाशी जुळते, कोणाचे बिनसते, हे चालू राहिले. मात्र प्रेमात हरले म्हणून कोणाला घर सोडावे लागले नाही.

अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ ही मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे चालली, तीही याच पायावर. पहिल्याच भागात रेचेल लग्नमंडपातून पळून मैत्रिणीकडे येते, वडिलांच्या पैशावरील कार्डे कापून टाकते आणि कॉफीच्या दुकानात वाढपिणीचे काम धरते. रॉस आणि रेचेल यांचे काय होणार, यावर त्या मालिकेने दहा वर्षे ओढाताण केली, हे खरे. बाजाराचा हात तेथेही होताच. मोनिका आणि चँडलर यांची जोडी लेखकांनी तात्पुरती योजली होती, चित्रीकरणास बसलेल्या प्रेक्षकांनी जल्लोष केला म्हणून ती कायमची झाली. पण दहा वर्षे ताटकळूनही रेचेल बापुडवाणी दिसली नाही. तिचे भाडे ती स्वतः भरत होती.

माजघर मुंबईत होते. मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यातील मुलीपुढे असे प्रसंग येतात तेव्हा तिला परत जावयाचे ठिकाण एकच, माहेर. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. परंतु भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करण्याची चाल अजून मोडलेली नाही, आणि सही करणाऱ्या बहिणीला त्या बदल्यात मिळते ती दिवाळीची साडी. मालिकांमधील माहेर हे बहुधा पाणावल्या डोळ्यांचे असते. तेथे सातबारा नसतो. नवऱ्याचे दुसरे प्रेम कळल्यावर बॅग भरून माहेरी आलेल्या नायिकेला कोणा लेखकाने एकदा ते हक्कसोडपत्र पुढे करून दाखवावे. भावजय चहा ठेवते आहे, भाऊ पेन शोधतो आहे, आणि बाई विचार करते आहे. त्या भागाला प्रेक्षक थांबणार नाहीत, असे समजण्याचे काही कारण नाही.