‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

यंत्र बिघडतं. एटीएम अडकतं, नेट जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग बिघाडानंतरच्या मौनावर आहे. पैसे आपले अडकणार आणि फेऱ्याही आपणच मारायच्या, हे बँकांनी आपल्या अंगवळणी पाडलंय.

माझंच घ्या. परीक्षेच्या फीसाठी खानापुरातल्या एका एटीएममधून तीन हजार काढायला गेले. नोटा आल्याच नाहीत. खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज मात्र लगेच आला. तेवढ्यापुरता सर्व्हर ठणठणीत! पुढे शाखेत रोज तीच टेप: “सर्व्हर डाऊन आहे, दोन दिवसांनी या.” लेखी मागितलं तर “त्याची काय गरज?” फी उसने पैसे घेऊन भरली. सतरा दिवसांनी रक्कम जमा झाली. का अडकली, कुणी सांगितलं नाही.

आता नियम ऐका. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे गेले, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत बँकेने ते स्वतःहून परत करायचे. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. सतरातून पाच वजा करा. बँक मला 1200 रुपये देणं लागते. हे काउंटरवर कुणी सांगितलं? कुणीच नाही. आपल्याला माहिती नसणं बँकेच्या फायद्याचं आहे.

कुणी म्हणेल, शाखेत माणसं कमी, त्यांचा काय दोष? मान्य. काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. पण माणसं कमी ठेवायचा निर्णय वरच्यांचा, आणि त्याची किंमत रांगेतल्यांनी का मोजायची?

भाषेचंही तेच. आजीला मराठी वाचता येतं, मेसेज इंग्रजीत. रांगेत माझ्या पुढचे कन्नड बोलणारे काकाही तसाच इंग्रजी मेसेज दुसऱ्याकडून वाचून घेत होते. म्हणजे हे मराठी विरुद्ध कन्नड असं भांडणच नाही. ज्याच्या पैशावर बँक चालते, त्याला कळेल अशा भाषेत बोला, एवढीच मागणी आहे.

आणि मराठीत तक्रार करता येते बरं का! सरकारदरबारी गाऱ्हाणं देशात वा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिलाय. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आणली, तेव्हा चंदीगडला तक्रारी स्वीकारणारं केंद्र उभारलं. तिथे टपालाने किंवा ईमेलने कोणत्याही भाषेत तक्रार चालते. फी शून्य.

क्रम एवढाच: आधी बँकेकडे लेखी तक्रार, तिची पोच आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर थेट लोकपालाकडे.

माझी तक्रार मी मराठीतच लिहिली आहे. बाराशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरचे म्हणतात. पण बाराशे सोडले की बँकेला कळतं, ही पोरं सोडून देतात. तेव्हा “दोन दिवसांनी या” ऐकून मुकाट माघारी फिरू नका. “कोणत्या तारखेला? लिहून द्या,” म्हणा.