पेंढा, पाला आणि युरिया

बदलापूर मागे टाकून वांगणी-नेरळकडे जाणाऱ्या गाडीतून पावसाळ्यापूर्वी शेतांत जे काळे चौकोन दिसतात ते राबाचे. शेण, पातेरा व झाडांचा टहाळ पसरून रोपांची जागा भाजून काढायची, ही ठाणे-रायगड भागातील जुनी रीत. या टहाळाच्या हक्कावरून शेतकरी व वनखाते यांच्यात एवढा तंटा माजला की, १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याचा आग्रह निष्कारण नव्हता. भाजलेल्या जागेत तण कमी माजते आणि रोपे सहज उपटता येतात. तथापि, जो सेंद्रिय कर्ब मातीत जिरावयाचा, त्यातील बहुतांश धुरावाटे जातो, हेही नाकारता येत नाही.

जमिनीतील कर्ब वाढवा, असा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो आणि त्याच्या जोडीने रासायनिक खताला शत्रू ठरविण्याची प्रथाही पडली आहे. वस्तुतः हिशेब निराळा आहे. भाताच्या पेंढ्यात कर्ब सुमारे ४० टक्के, परंतु नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मातीत टिकून राहणाऱ्या ह्यूमसमध्ये मात्र दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असावा लागतो. नुसता पेंढा गाडला तर तो कुजविणारे जीवाणू ही तूट पिकाच्या वाट्यातून भरून काढतात व रोपे पिवळी पडतात. उलट, नुसता युरिया फेकला तर त्यातील बराच नत्र हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर ओढ्याला लागतो. तेव्हा खरा प्रश्न खत द्यावे की न द्यावे हा नसून, ते कशाच्या जोडीने आणि कोठे द्यावे, हा आहे.

त्याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख रोपवाटिकेत व पेंढा शेतात परत जातो, लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला गाडला जातो, लावणी ठराविक अंतरावर होते आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबली जाते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात तर नांगरणी व चिखलणीच वर्ज्य. कापणीनंतर मुळे जागीच कुजू द्यावयाची. त्यात तणनाशकावर जो भर आहे तो सर्वांना मानवणारा नाही. पण नांगराने माती उघडी पडली की तिच्यातील कर्ब झपाट्याने जळतो, हे मर्म त्या तंत्राने अचूक हेरले आहे.

मग हे घरोघर का पोहोचत नाही? २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातून युरिया वगळण्यात आला. त्याची ४५ किलोची पिशवी वर्षानुवर्षे २६६ रुपयांच्या आसपास मिळत राहिली. पाला तोडणाऱ्या, गोळी दाबणाऱ्या हातांना मात्र पूर्ण मजुरी मोजावी लागते आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांशेजारी ती स्वस्त कशी असेल? पेंढ्याला तबेल्यांचे रोख गिऱ्हाईक आहे. शिवाय कर्ब मुरण्यास वर्षे लागतात, आणि ज्या खाचराच्या बांधावर इमारतीचा फलक कधीही लागू शकतो, त्याच्या मालकाला तेवढी वाट पाहण्याचे कारण कोणी दिलेले नाही.