वाढत्या डोक्याचं हेल्मेट

मराठी मध्यमवर्गाचा संसार कशावर उभा आहे, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'वाढत्या अंगावर'. शाळेचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. जून महिन्यात शर्टाच्या बाह्या कोपराखाली आणि चड्डी गुडघ्याखाली, अशी त्याची सुरुवात होते. दोन वर्षांनी तोच शर्ट बेंबी झाकेनासा झाला, की मग कुठे तो फरशी पुसायच्या कामी लागतो. बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून. माझा या तत्त्वाला मुळीच विरोध नाही. सदरा ढगळ झाला म्हणून कुणाचं हाड मोडल्याचं ऐकिवात नाही. पण हल्ली हे तत्त्व गळ्याच्या वर चढलं आहे, आणि तिथं माझं भांडण सुरू होतं. मी मुलांच्या सायकलच्या हेल्मेटांबद्दल बोलतो आहे.

परवा एका दुकानात एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या चिरंजिवांसाठी हेल्मेट घेत होते. सायकल आधीच घेऊन झाली होती. तिचे ब्रेक, गिअर, टायर, घंटी यांची तपासणी मुलगी पाहायला गेल्यासारखी बारकाईनं झाली होती. हेल्मेटची पाळी आली तेव्हा साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं.

"जरा मोठं दाखवा हो. वर्षभरात लहान होईल."

"हे घ्या साहेब, फ्री साइज आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्हालासुद्धा होईल."

एका वस्तूत दोन पिढ्या! साहेबांचा चेहरा उजळला. हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवलं, ते सरळ नाकावर येऊन थांबलं.

"बाबा, काही दिसत नाही."

"सवय होईल. जरा मागं सरकव."

त्यानं मागं सरकवलं. आता त्याला दिसू लागलं, आणि त्याचं अख्खं कपाळ जगाला दिसू लागलं. पैसे दिले गेले. एका जबाबदार पित्यानं आपलं कर्तव्य पार पाडलं होतं.

अशा पित्यांना मला प्रथम शरीरशास्त्रातली एक साधी गोष्ट सांगायची आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत तो ४५-४६वर जातो, पाचव्या वर्षी ५०-५१वर. पुढं तोच मुलगा मोठा होऊन, नोकरी करून, निवृत्त होऊन पेन्शन खाऊ लागला, तरी आकडा ५५ ते ५७च्या आसपासच राहतो. म्हणजे पाच वर्षांचं पोर उरलेल्या साऱ्या आयुष्यात डोक्यानं पाच-सहा सेंटिमीटरच वाढतं. (काही जणांच्या बाबतीत तेवढंही वाढल्याचं जाणवत नाही, पण तो विषय वेगळा.) हात वाढतात, पाय वाढतात, शाळेची फी वाढते. डोकं मात्र आपलं बरंचसं काम पहिल्या काही वर्षांतच उरकून बसलेलं असतं. शिवाय चांगल्या हेल्मेटला मागं एक चाकी असते. ती फिरवली की आतली पट्टी थोडी सैल किंवा घट्ट होते. एवढी सोय कारखानदारानंच करून दिली आहे. त्यावर आणखी दोन मापं मोठं घ्यायचं, ही काटकसर नव्हे.

आता हेल्मेट करतं काय, तेही पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की हेल्मेट म्हणजे चिलखत. टणक, अभेद्य. प्रत्यक्षात त्याच्या आत जो जाड थर असतो, तो आपल्या थर्मोकोलचा सख्खा भाऊ. तो फोडता येत नाही म्हणून उपयोगी नाही, चिरडला जातो म्हणून उपयोगी आहे. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा ते काही हजारांश सेकंदांत थांबतं. सगळा घात त्या एकाएकी थांबण्यात असतो. मधला थर दबत गेला, की तेच थांबणं एक-दोन सेंटिमीटरच्या अंतरावर लांबतं आणि धक्का जास्त जागेवर पसरतो. एवढ्या चिमूटभर अंतरावर आपला जीव अवलंबून असतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. त्यानं आपला जन्म एकदाच, पण सार्थकी लावलेला असतो.

पण हे सगळं केव्हा? डोकं आणि तो थर एकमेकांना लागून असतील तेव्हा. मध्ये मोकळी जागा असेल तर आधी हेल्मेट रस्त्यावर आपटणार, आणि मग डोकं हेल्मेटवर आपटणार. त्याहून वाईट म्हणजे, आपटायच्या आधीच हेल्मेट गर्रकन फिरून कानावर जाऊन बसणार आणि कपाळ उघडंच्या उघडं खडीला भेटणार.

हे समजायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. पूर्वी एस.टी.नं गावाहून मुंबईला लाडवांचा डबा जायचा. डबा पितळी, कडी लावलेली, वर फडकं बांधलेलं. तरीसुद्धा आमच्या आया डब्यातल्या मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून कोंबून भरायच्या. का? तर डबा मजबूत असल्यानं लाडू वाचत नाहीत, लाडू हलत नाहीत म्हणून वाचतात. घाटातल्या वळणांवर बेसनाच्या लाडवाची जी काळजी आम्ही घेतली, ती पोटच्या पोराच्या मेंदूची घ्यायला आमची तयारी नाही!

कुणी म्हणेल, लाडवांचं ठीक आहे, पुरावा काय? तोही आहे. अमेरिकेत सिएटलच्या रिव्हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलवरून पडलेल्या, आणि लक्षात घ्या, हेल्मेट घातलेल्याच लोकांचा अभ्यास केला. तो १९९९ साली 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात छापून आला. ज्यांचं हेल्मेट नीट बसत नव्हतं, त्यांच्या डोक्याला इजा होण्याचा धोका नीट बसणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. हेल्मेट मागं कललेलं असेल तर धोका ५२ टक्क्यांनी जास्त. पडताना ते डोक्यावरून निघून गेलं असेल तर तिप्पट. आणि डोक्याला इजा झालेल्या मुलांची हेल्मेटं त्यांच्या डोक्यांपेक्षा जास्त रुंद होती. वाढत्या अंगवाल्यांनी हे शेवटचं वाक्य कृपया पुन्हा वाचावं.

मग नीट बसणं म्हणजे काय? त्याला कागद-पेन्सिलसुद्धा लागत नाही, हाताची बोटं पुरतात. हेल्मेट आडवं बसलं पाहिजे, भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली येऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखे मिळाले पाहिजेत. हनुवटीखालचा पट्टा असा, की मध्ये एखाद-दुसरं बोट जाईल, अख्खा हात नव्हे. मग डोकं जोरात हलवायचं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. शेवटची परीक्षा जांभईची. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला येते तशी ऐसपैस जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं, की ते बसलं असं समजा. एवढ्याला दोन मिनिटं लागतात. लग्नात फेटा बांधायला याहून जास्त वेळ लागतो, आणि फेट्यावर कुणी डोक्यावर पडत नाही.

आता त्या पट्ट्याविषयी. आपल्याकडं पट्टा न लावता हेल्मेट घालायची जी कला विकसित झाली आहे, तिला तोड नाही. सायकलला हेल्मेटची सक्ती आपल्याकडं नाही, पण स्कूटर-मोटारसायकलला आहे, आणि तिथंच ही कला बहराला आली. चौकात मामा दिसले की टोपलं डोक्यावर, मामा मागं पडले की हँडलला. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेटची जी व्याख्या दिली आहे, ती या मंडळींनी वाचलेली दिसत नाही. पट्ट्यानं डोक्याला नीट बांधलेलं असेल, तरच ते कायद्याच्या लेखी हेल्मेट. न बांधलेलं म्हणजे कायद्यानंसुद्धा पातेलंच! चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर मागं बसवण्याबद्दल फेब्रुवारी २०२२मध्ये जो नियम काढला, त्यात तर मुलाचं स्वतःचं आणि त्याच्या डोक्याला बसणारं हेल्मेट हवं, असं स्पष्ट म्हटलं आहे. सरकारी कागदात 'डोक्याला बसणारं' हे शब्द यावेत आणि ते बापाच्या डोक्यात शिरू नयेत, याला काय म्हणावं?

जानेवारी २०१९मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झालं. मला ते मत पटत नाही, पण त्या मंडळींबद्दल एक गोष्ट मानावी लागेल. डोक्यावर काही नाही, हे त्यांना निदान ठाऊक असतं. ढगळ हेल्मेटवाला डोक्यावर काहीतरी आहे अशा भ्रमात फिरतो, आणि त्या भ्रमाचे त्यानं रोख पैसे मोजलेले असतात.

"आमच्या वेळी कुठं होती हेल्मेटं? आम्ही काय मेलो?" असं विचारणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. अहो काका, जे गेले ते हा प्रश्न विचारायला येत नाहीत. दुसरे काका हॉलंडहून परतलेले असतात. ते सांगतात, तिकडं कुणी हेल्मेट घालत नाही. खरं आहे, बहुतेक जण घालत नाहीत. पण तिकडं सायकलला स्वतःचा रस्ता आहे, आणि तो रस्ता गॅरेजवाल्यांनी, भेळेच्या गाड्यांनी आणि मोटारींनी आपसांत वाटून घेतलेला नाही. तसे रस्ते द्या, मी हेल्मेटवर लिहिणं आजच बंद करतो. ट्रक अंगावर आला तर हेल्मेट काय करणार, असंही विचारतात. फारसं काही नाही. सायकलचं हेल्मेट दीड-दोन मीटर उंचीवरून आपटून पारखलेलं असतं. म्हणजे खड्ड्यात चाक गेलं आणि पोरगं हँडलवरून पुढं फेकलं गेलं, एवढ्यासाठी ते असतं. आणि खड्ड्यांच्या बाबतीत तरी आपण स्वयंपूर्ण आहोत.

तेव्हा पुढल्या वाढदिवसाला सायकल घ्याल, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरातला शिवणकामाचा टेप काढा आणि भुवयांच्या जरा वरून पोराच्या डोक्याचा घेर मोजा. आकडा कागदावर लिहा. दुकानदार 'फ्री साइज' म्हणाला की तो कागद त्याच्यापुढं धरा, आणि मुलाला तिथंच, दुकानात, जांभई द्यायला लावा. शर्ट वाढत्या अंगाचा घ्या, बूट वाढत्या पायांचे घ्या, हवी तर सायकलसुद्धा सीट खाली करून वाढत्या उंचीची घ्या. हेल्मेट मात्र आज जे डोकं आहे, त्याच मापाचं. ते डोकं उद्या वाढावं, शहाणं व्हावं अशी इच्छा असेल, तर आधी ते उद्यापर्यंत टिकायला हवं.