पाठीवरच्या थापेपुढे

पावसाळा लागला की मुळशीतल्या लवळ्याच्या टेकडीवरची विद्यापीठांची वसतिगृहं पुन्हा भरतात. निरोप घेताना मुलीला दहा सूचना, मुलाच्या पाठीवर नुसती थाप. विद्यार्थ्यांच्या मनाविषयीचा हा अंक त्या थापेपाशी सुचला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थी-आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या १,७६४, सर्वाधिक, महाराष्ट्रातल्या. एकूण आत्महत्यांत पुरुष सुमारे ७२ टक्के. विद्यार्थ्यांत मात्र मुलगे निम्म्याहून थोडेच जास्त. हा शेवटचा आकडा मला अस्वस्थ करतो. मुलगे बोलत नाहीत हे खरंच, पण मुली मैत्रिणीपाशी रडून मोकळ्या होतात, हा आपला समजही तपासायला हवा. आज फोनवर ‘जेवलास का?’, ‘जेवलीस का?’ यापुढचं विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत बोलता येतं.