कौल हिरावणे आणि कौल न विचारणे

१९ ऑगस्ट २०१९ रोजी तुर्कस्तानच्या सरकारने दियारबाकीर, मार्दिन आणि व्हान या शहरांच्या लोकनिर्वाचित महापौरांना दूर करून शासननियुक्त विश्वस्त बसवले. मतदानाला पाच महिनेही लोटले नव्हते. दहशतवाद्यांशी संबंध, हा आरोप. तो खरा असेल तर त्यासाठी न्यायालय आहे. मतदारांचा कौल सरकारी आदेशाने पुसला जावा काय?

यावर नाके मुरडणाऱ्यांनी मीरा-भाईंदरकडेही पाहावे. येथील ९५ नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ पाणी, रस्ते, कचरा आणि अर्थसंकल्प यांचे निर्णय प्रशासकाच्या सहीने झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, हा ७४ व्या घटनादुरुस्तीचा दंडक. आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ ही कारणे खरी. पण त्यांच्या आडोशाने किती काळ ढकलायचा? ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत घालून दिली, तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला.

तुर्कस्तानात कौल हिरावला गेला. येथे तो विचारलाच गेला नाही. आपल्याकडे न्यायालयाने दार उघडले, हा फरक मोठा आहे. परंतु प्रत्येक वेळी दार न्यायालयानेच का उघडावे? प्रभागरचना आणि आरक्षण मुदतीच्या वर्षभर आधी पूर्ण करण्याचे कायदेशीर बंधन हवे. सत्ता कोणाचीही असो, पालिका नागरिकांची आहे. प्रशासक हा तिचा पाहुणा, यजमान नव्हे!