सुरतेचे आवटी

कामरेजच्या एका कार्यक्रमात या आठवड्यात नौदलावर भाषण झालं. वक्त्यांनी ‘आयएनएस सुरत’ची लांबी, वजन, क्षेपणास्त्रं असं सगळं सांगितलं. सुरतेतच जन्मलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी मात्र त्यात कुठेच नव्हते. समोर मराठी घरांतली मुलं बसली होती, म्हणून ते जास्त लागलं. या स्तंभाची जुनी तक्रार वाचकांना पाठ आहे: मराठी माणसाचं आरमार कान्होजी आंग्र्यांपाशी थांबतं आणि त्याची सुरत 1664 व 1670 पाशी.

1927 चा जन्म. 1971 च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान, बंगालच्या उपसागरातली नाकेबंदी, वीरचक्र. पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख, 1983 मध्ये निवृत्ती. सत्काराचं मानपत्र इथवर येऊन संपतं.

खरी तुलना त्यापुढे सुरू होते. जानेवारी 2025 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘सुरत’ 164 मीटर लांब आणि सुमारे 7,400 टनांची. आवटींनी उतारवयात ध्यास घेतला तो 56 फुटांच्या, म्हणजे या युद्धनौकेच्या जेमतेम दहाव्या भागाएवढ्या शिडाच्या बोटीचा. एकट्या भारतीयाने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा आग्रह त्यांनी नौदलाच्या गळी उतरवला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. अशी बोट त्यांच्या हातून पूर्वी झाली नव्हती. कमांडर दिलीप दोंदे बांधणीपासूनच तिथे होते. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेतली आणि पुढच्या मे महिन्यात परतले. आवटी तेव्हा 82 वर्षांचे होते. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. 2017 मध्ये ‘तारिणी’वर सहा महिला अधिकारी निघाल्या.

युद्धनौका पैसा आणि गोदी असली की बांधता येते. दक्षिण महासागरात एकट्याने शीड सांभाळणारा खलाशी घडवायला कोणीतरी वर्षानुवर्षं मागे लागावं लागतं. कमांडचं प्रमुखपद भूषवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतलं, म्हणून या स्तंभाच्या लेखी आवटींच्या कारकिर्दीचा हा उत्तरार्ध पदकांहून मोठा.

कामरेजने तरी हे विसरू नये. आज हायवेवरचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. पण 2003 च्या उत्खननात तापीकाठी इथेच प्राचीन बंदरवस्तीचे अवशेष मिळाले. सागरी इतिहास जपण्यासाठी आवटींनी 1978 मध्ये मुंबईत ‘मेरिटाइम हिस्टरी सोसायटी’ उभी केली, ती असल्याच विस्मरणाविरुद्ध.

7 सप्टेंबर 2027 ला त्यांची जन्मशताब्दी आहे. सुरतेतल्या मराठी मंडळांनी त्या दिवशी दोंदे आणि दांडेकरांना कामरेजला बोलवावं, शाळकरी मुलांना पुढच्या रांगेत बसवावं आणि ‘म्हादेई’ कशी बांधली ते बांधणाऱ्याच्याच तोंडून ऐकवावं. पत्रं आत्ताच धाडायला हवीत.