गावाची पाटी बदलली, ग्रामसभा कुठे गेली?



तालुक्याच्या गावात सध्या रोज काहीतरी ठरून राहिलं आहे. आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, घरटॅक्स, कचरा कुठे टाकायचा ते, नाल्याकाठची जागा कोणत्या कामाला राखून ठेवायची ते. आपल्या बैठकीत हा विषय काढला की निम्मे लोक म्हणतात, "ते शहरवाल्यांचं हाय, आपल्याले काय करायचं?" या वेळी संपादकीय त्याच विषयावर लिहिलं आहे. आपला बाजार त्या गावात, आपली तहसील त्या गावात, दवाखाना त्या गावात. बारावी झालेली पोरं-पोरी कॉलेजसाठी तिथेच खोली करून राहतात. आणि त्या गावाच्या हद्दीत आपलेच टोले आहेत. तिथल्या लोकांची शेती आहे, गुरं आहेत, मोहाची झाडं आहेत, जबरानजोत आहे. त्यांना आता कागदावर शहरातले नागरिक म्हणतात.

हे झालं कसं, ते नीट समजून घ्या.

2014 साली मुंबईत दोन निर्णय झाले. मार्च महिन्यात पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम निघाले. कायदा 1996 चा आणि नियम 2014 चे, म्हणजे अठरा वर्षं आपण थांबलो. पण नियम चांगले निघाले. एखादा टोला किंवा पाडा स्वतःचा कारभार रूढीप्रमाणे चालवत असेल तर तो स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, असं त्यात लिहिलं आहे. आपण गावोगाव जाऊन हे वाचून दाखवलं. लोक खूश झाले.

त्याच वर्षी दुसरा निर्णय झाला, की राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगर पंचायती करायच्या. आधीच्या कायद्यात नगर पंचायतीसाठी लोकसंख्या किमान दहा हजार पाहिजे होती, शेतीबाहेरचा रोजगार पाहिजे होता. तालुक्याच्या ठिकाणासाठी ही अट राहिली नाही. तहसील ऑफिस आहे ना, मग झालं शहर. आपल्या जिल्ह्यात धानोरा, कुरखेडा, कोरची, एटापल्ली, अहेरी, भामरागड, सगळीकडे पाट्या बदलल्या. भामरागड पाहिलेल्या माणसाने सांगावं, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की ज्या गावाचा रस्ता बंद होतो, ते शहर कोणत्या बाजूने दिसतं?

म्हणजे एका हाताने टोल्याला ग्रामसभा दिली आणि दुसऱ्या हाताने काही टोल्यांची होती ती ग्रामसभाही काढून घेतली. पहिल्या निर्णयाची माहिती द्यायला अधिकारी आले होते, प्रशिक्षण झालं, चहा-नाश्ता झाला. दुसऱ्या निर्णयाची नोटीस बोर्डावर लागली. हरकती घ्यायची मुदत होती म्हणतात. टोल्यावर कोणी दवंडी दिली नाही. धानाची कामं सोडून तहसीलच्या बोर्डावरचा कागद वाचायला कोण जाणार होतं? एका म्हाताऱ्याने विचारलं, "आमाले शहर पायजे का म्हून कोनी इचारलं व्हतं का?" कोणी विचारलं नव्हतं.

ग्रामसभा गेल्याने काय गेलं, ते पाहू. पेसा कायदा पंचायतींसाठी आहे. नगर पंचायत झाली की अधिकारी सांगतात, इथे पेसा नाही. जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेला विचारणं नाही. आदिवासीची जमीन बाहेरच्याच्या हातात जात असेल तर ग्रामसभेने ती थांबवणं नाही. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी 2015 पासून थेट पेसाच्या ग्रामपंचायतींना मिळायला लागला, तो नाही. रोजगार हमीच्या केंद्राच्या कायद्यात ग्रामीण क्षेत्र म्हणजे नागरी संस्थेच्या बाहेरचं क्षेत्र असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून त्या कायद्याची बांधबंदिस्तीची आणि तळ्याची कामं टोल्यावर बंद. ग्रामीण घरकुल बंद. शहरी घरकुलाला जागेचा कागद मागतात, आणि जबरानजोतवाल्याजवळ तोच कागद नाही, त्याच्यासाठीच तर तो वर्षानुवर्षं भांडून राहिला आहे.

जमिनीचं जरा जास्त सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला महसूल कायद्याच्या 36-अ कलमाखाली कलेक्टरची परवानगी लागते. हे बंधन नगर पंचायत झाली तरी तसंच आहे, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा. दलाल येऊन म्हणतात, "आता शहर झालं, आता विकता येते." खोटं आहे. सातबारावर नाव न चढवता इसारपत्र करायचं, नाहीतर दुसऱ्या आदिवासीच्या नावाने घ्यायचं, हे धंदे जुनेच आहेत. 1974 साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचे कायदे करावे लागले ते याच धंद्यांमुळे. पण ग्रामसभा असती तर चार लोकांसमोर विषय आला असता, "हा कोण, कुठला, कशाला घेते?" असं बायांनी विचारलं असतं. आता तो विषय टेबलावर येतो आणि टेबलावरच संपतो.

नगर पंचायतीत सतरा नगरसेवक असतात. त्यात आपले लोकही निवडून आले, राखीव जागा आहेत, चांगली गोष्ट आहे. पण टोल्याचा माणूस सतरापैकी एक. ग्रामसभेत अठरा वर्षांच्या पोरीलाही उठून बोलता येतं. नगर पंचायतीच्या सभेत सतराजण बोलतात, बाकीचे बाहेर उभे. निवडून आलेल्या आपल्या दोन-तीन पोरांना दोष देत नाही, पण त्यांनीही सांगावं, विषयपत्रिका टोल्यावर किती वेळा वाचून दाखवली?

आता घटनेचं काय ते ऐका. आपल्यातले शिकलेले लोकही हे सांगत नाहीत. शहरांच्या कारभारासाठी घटनेत भाग नऊ-अ आहे, 74 व्या दुरुस्तीने आलेला. त्यात 243 झेडसी नावाचं कलम आहे. ते म्हणतं, हा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही. लागू करायचा तर संसदेने तसा कायदा करावा, हवे ते फेरफार करून. पंचायतींसाठी असा कायदा झाला, तोच पेसा. भुरिया समितीने 1995 साली शहरांसाठीही कसा कायदा असावा ते सांगितलं होतं. 2001 साली राज्यसभेत विधेयक आलं. अजून त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या शहराचा कारभार कोणत्या कायद्याने चालावा, हे संसदेने ठरवलेलंच नाही, आणि इथे पाट्या लागल्या, टॅक्सही सुरू झाला.

सरकारचं उत्तर आहे की राज्याचा 1965 चा नगरपरिषदेचा कायदा आधीपासून आहे. जव्हारसारख्या ठिकाणी तर संस्थानाच्या काळापासून नगरपालिका आहे, 1918 पासून. वकील लोक सांगतात, कोर्टात हा वाद सोपा नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून आम्ही असं सांगणार नाही की उद्या केस टाकली की परवा ग्रामसभा परत. पण ज्या गोष्टीसाठी घटना वेगळा कायदा मागते, ती गोष्ट लोकांना न विचारता करू नये, एवढं म्हणायला वकील लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. छत्तीसगडच्या सरगुजा भागात प्रेमनगर म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने वीज प्रकल्पाला जमीन द्यायला परत परत नाही म्हटलं. मग त्या ग्रामपंचायतीची नगर पंचायत केली. नाही म्हणणारी ग्रामसभाच राहिली नाही. आपल्याकडे कोणी इतका विचार करून केलं असं आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे बहुतेक आळसाने झालं. पण आळसाने काढलेला हक्कही गेलेलाच असतो, आणि उद्या कोणाला मतलब निघाला तर त्याला वाट मोकळी आहे.

धानोऱ्यापासून थोड्याच अंतरावर मेंढा आहे. मेंढा (लेखा) च्या ग्रामसभेला 2009 साली 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 साली दिल्लीचे मंत्री तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात दिला. सारा देश ते गाव पाहायला येतो. शहराच्या हद्दीची रेघ कोणी जरा पुढे ओढली असती, तर? रेघ ओढणारा माणूस जंगल पाहून ओढत नाही. तो जुन्या ग्रामपंचायतीची हद्द उचलतो आणि वर नवीन नाव लिहितो.

म्हणूनच वनहक्काची गोष्ट ठासून सांगतो. शहरात गेलेल्या टोल्यांचे लोक विचारतात, "आमचा दावा आता कुठे टाकायचा?" ऑफिसात उत्तर मिळतं, ग्रामसभा नाही, वनहक्क समिती नाही, दावा नाही. वनहक्क कायदा 2006 उघडून पाहा. अनुसूचित क्षेत्रातलं गाव म्हणजे काय, यासाठी तो पेसाच्या व्याख्येकडे बोट दाखवतो. पेसाची व्याख्या सांगते, वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, टोला किंवा टोल्यांचा समूह, जिथला समाज रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार पाहतो. त्या टोल्यावर भूमिया आहे, पेरणीच्या आधी पूजा होते, निस्ताराचं जंगल ठरलेलं आहे, भांडण झालं तर पंच बसतात. मग ते गाव कसं नाही? ऑफिसची पाटी बदलल्याने जंगलावरचा हक्क संपतो, असं त्या कायद्यात एकाही ओळीत लिहिलेलं नाही. जो साहेब तसं म्हणेल त्याला लेखी द्यायला सांगा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

बाजाराचं तुम्हाला माहीतच आहे. वसुलीचा ठेका लिलावाने जातो, आणि ठेकेदाराचा माणूस टोपली पाहून पैसे मागतो. एका आजीने सांगितलं, दोन पायली मोहफूल घेऊन बसली तर तिच्याकडूनही घेतले, पावती नाही. वसुलीचे दर ठरलेले असतात. ते बाजारात बोर्डावर लावा आणि पावती द्या, ही मागणी शहरातला माणूस करणार नाही, कारण तो विकायला बसत नाही. ती आपल्यालाच करावी लागेल, मतदान तिथे नसलं तरी.

काही लोकांना वाटेल, हे चळवळवाले शहराच्या विरोधात आहेत. तसं नाही. कॉलेज पाहिजे, मुलींच्या वसतिगृहाला चांगलं पाणी पाहिजे, संध्याकाळी रस्त्यावर लाईट पाहिजे. 2011 साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा आपण आनंदच केला, कारण त्याआधी प्रत्येक कागदासाठी नागपूर. तालुक्याचं गाव नीटनेटकं झालं तर पहिला फायदा आपल्या पोरांना. आणि जुन्या ग्रामपंचायतीतही सगळं दूध-भात होतं असं नाही. सरपंच आणि ठेकेदार मिळून ग्रामसभेचा कोरा कागद सह्यांनी भरायचे, ते आपण पाहिलं आहे. पण तिथे सह्या तरी घ्याव्या लागायच्या. सही घ्यायला कोणीतरी टोल्यावर यायचं, आणि कधीकधी एखादी बाई म्हणायची, "आधी वाचून दाखव."

आमचं म्हणणं इतकंच. कॉलेज, बाजार, ऑफिसं जिथे आहेत तो भाग नगर पंचायतीत राहू द्या. शेती आणि जंगल असलेले टोले हद्दीतून वगळा आणि पेसाच्या नियमांप्रमाणे गाव म्हणून घोषित करा. हद्दीत फेरबदल करायची सोय त्याच 1965 च्या कायद्यात आहे. तोपर्यंत टोल्यांनी ग्रामसभा बंद करू नये. कोणी बोलावणार नाही, आपणच बसायचं. रजिस्टर घ्या, तारीख टाका, हजर बाया-माणसांची नावं लिहा, अंगठा घ्या.

कॉलेजातल्या आपल्या पोरा-पोरींना एक काम देतो. तुम्ही रोज नगर पंचायतीच्या बोर्डासमोरून जाता. आठवड्यातून एकदा थांबा. काय लागलं आहे ते वहीत उतरवा आणि शनिवारी गावी जाताना टोल्यावर वाचून दाखवा. विकास आराखड्याचा नकाशा लागला तर लगेच कळवा, हरकतीची मुदत थोडीच असते. त्या नकाशात आपली बांधी हिरव्या-पिवळ्या रंगाचा एक चौकोन असते, आणि आत लिहिलेलं असतं "आरक्षण". हे आरक्षण म्हणजे आपल्याला मिळतं ते नाही, आपल्याकडून घेतात ते. किती जणांचा इथे घोळ होतो!

ज्या टोल्यांची नावं नगर पंचायतीत गेली आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला तीन गोष्टी आणाव्या: जुन्या ग्रामपंचायतीच्या वेळचा ग्रामसभेचा एखादा ठराव, निस्तारपत्रकाची किंवा वाजिब-उल-अर्जची नक्कल असेल तर ती, आणि वनहक्काचा दावा टाकल्याची पोच. पोच हरवली असेल तर दावा कधी, कोणाच्या हातात दिला ते लिहून आणा. निवेदन आम्ही तयार करून राहिलो, पण टोल्याचा ठराव टोल्यानेच लिहिला पाहिजे. कार्बन घालून लिहा, एक प्रत घरी ठेवा.